सोशल मीडिया आणि आपली खासगी माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीच्या लोकांच्या फोनमधली सेटिंगं तपासून देण्याचं काम माझ्या गळ्यात कधी पडलं ते आठवत नाही. फोन हातात देताना प्रत्येक जण काही ना काही विचारतो आणि प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. मेनूंची नावं आणि जागा कंपन्या सारख्या बदलतात. एखादं बटण सांगितल्या जागी सापडलं नाही, तर सेटिंगमधल्या शोधपट्टीत 'प्रायव्हसी' किंवा 'परवानग्या' टाकून बघा.

मी तर काही टाकतच नाही, नुसतं बघतो. माझी कसली माहिती जाणार?

टाकलेल्यापेक्षा बघितलेल्याची नोंद कितीतरी जास्त होते. पोस्ट महिन्यातून एखादी होते, अंगठा मात्र दिवसभर चालू असतो. तो कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबला, कुठला अर्ध्यात सोडला, कुणाचं प्रोफाइल उघडून काहीच न करता मागे फिरलात, रात्री किती वाजेपर्यंत ॲप उघडं होतं, फोन कुठला, नेटवर्क कुठलं, हे सगळं नोंदवलं जातं. पोस्ट लिहिताना आपण जरा सावरून बसतो. बघताना कोण सावरतो? त्यामुळे गप्प बसून बघणारा माणूस कंपनीला उलट जास्त खरा सापडतो.

या नोंदींवरून काय काय ओळखता येतं, याचा अंदाज २०१३ साली आला. केम्ब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८,००० स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे फक्त लाइक्स घेतले. ना पोस्ट, ना फोटो, ना मेसेज. तेवढ्यावरून अमेरिकेतल्या दोन पक्षांपैकी माणूस कुठल्या बाजूचा हे ८५ टक्के वेळा आणि पुरुष समलिंगी आहे की नाही हे ८८ टक्के वेळा त्यांच्या मॉडेलने बरोबर ओळखलं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, फक्त इथला स्वर्ग बहुतेक वेळा जागेवर सापडतो. आणि हे झालं नुसत्या लाइक्सचं. सेकंदासेकंदाच्या नोंदी तेव्हा त्यांच्या हातात नव्हत्या.

माझ्याबद्दल नक्की काय साठवलंय ते मला बघता येईल का?

येतं, आणि इथला बाकीचा मजकूर वाचला नाही तरी चालेल पण हे एकदा कराच. जवळजवळ प्रत्येक मोठ्या माध्यमात 'तुमची माहिती डाउनलोड करा' असा पर्याय असतो. मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी एक लिंक येते आणि ती थोडे दिवसच चालते. फाईलचा प्रकार विचारला तर एचटीएमएल निवडा, म्हणजे ब्राउझरमध्ये नीट वाचता येईल.

या सोयीमागे कायद्याचाही रेटा आहे. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने युरोपातल्या कायद्यावर बोट ठेवून फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. त्याला आली १,२२२ पानांची पीडीएफ. त्याने स्वतः पुसून टाकलेला मजकूरही तीत होता. पुढे त्याच्याच खटल्यांमुळे युरोप आणि अमेरिका यांच्यातले माहितीच्या देवाणघेवाणीचे दोन करार न्यायालयाने रद्द ठरवले, एक २०१५ मध्ये आणि दुसरा २०२० मध्ये.

एका माध्यमाकडून मी माझी फाईल मागवली तेव्हा आधी फोटोच बघत बसलो. मग 'शोध' नावाची एक यादी उघडली. मी कुणाकुणाला शोधलं त्याची ती नोंद होती, तारीख आणि मिनिटासकट. एका जुन्या वर्गमित्राचं नाव एकाच रात्री तीनदा होतं, शेवटचं एक वाजून चाळीस मिनिटांनी. मी ती रात्र विसरून गेलो होतो, फाईल विसरली नव्हती. त्याच्याखाली मला जाहिराती दाखवण्यासाठी ज्यांनी आपल्या ग्राहकयाद्या चढवल्या होत्या त्या जाहिरातदारांची नावं होती. पाच-सहा ओळखीची, बाकीच्यांची नावं मी जन्मात ऐकलेली नव्हती.

पण अडखळलो ते 'संपर्क' या पानावर. फोनमधली अख्खी नंबरांची यादी तिथे होती, मी कधीतरी एका 'ठीक आहे'वर बोट ठेवून दिलेली. 'नळवाला (उशिरा येतो)' हे माझ्याच शब्दांतलं नाव होतं. ज्यांना जाऊन काही वर्षं झाली असे एक काका होते. एका मैत्रिणीचा जुना नंबर होता आणि ती कुठल्याच माध्यमावर नाही, मुद्दाम नाही. तिच्या वतीने मी परस्पर देऊन टाकला होता.

फाईल बघून झाली की ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच सोडू नका, विशेषतः संगणक घरात सगळ्यांचा असेल तर.

माझं कुठेच खातं नाही. मग तरी मी सुटलो ना?

ती मैत्रीणही असंच म्हणायची. तिचा नंबर माझ्या यादीतून गेला, तसा आणखी दहा जणांच्या याद्यांतून गेला असणार. दहा याद्यांत तोच नंबर दिसला की ते दहा जण एकमेकांचे कोण, याचाही अंदाज बांधता येतो. खातं नसलेल्या माणसाच्या अशा जमवलेल्या माहितीला 'शॅडो प्रोफाइल' म्हणतात. सावलीतली नोंदच ती. २०१३ मध्ये फेसबुकच्या एका चुकीमुळे ६० लाख वापरकर्त्यांचे नंबर आणि ईमेल भलत्यांच्याच हाती लागले. त्यातले बरेच त्या लोकांनी स्वतः कधी दिलेलेच नव्हते, दुसऱ्यांनी चढवलेल्या याद्यांमधून आलेले होते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मार्क झुकेरबर्ग यांनीही खातं नसलेल्यांची माहिती सुरक्षेच्या कारणासाठी गोळा होते असं मान्य केलं.

दुसरी वाट वेबसाइटींची. भलत्याच कुठल्यातरी वेबसाइटच्या पानात 'पिक्सेल' नावाचा कोडचा एक बारीकसा तुकडा बसवलेला असतो. पान उघडलं की तो माध्यमाच्या सर्व्हरला कळवतो: अमुक ब्राउझर आला, अमुक पान पाहिलं, खरेदीपर्यंत गेला आणि परत फिरला. त्यासाठी तुमचं खातं असावंच लागतं असं नाही.

फोन आमचं बोलणं चोरून ऐकतो. आम्ही बोललो आणि लगेच जाहिरात आली!

हा प्रश्न नव्हे, तक्रार असते, आणि मी 'नाही' म्हटलं की समोरच्याला मी कंपनीचा माणूस वाटायला लागतो.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,०००हून जास्त अँड्रॉइड ॲप नेमकं हेच शोधण्यासाठी तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर चाललेल्या गोष्टींची चित्रफीत काढून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. चोर शोधायला एका दारावर बसावं आणि तो दुसऱ्याच दाराने निघून जावा, तसा प्रकार.

मग जाहिरात येते कशी? तुम्ही मित्राशी एखाद्या वस्तूबद्दल बोललात. तो विषय मुळात निघाला कसा? बहुतेक वेळा मित्राने ती वस्तू आधी शोधलेली असते. तुम्ही दोघं एकाच वायफायवर बसलेले असता, एकमेकांच्या संपर्कयादीत असता, वयाने आणि आवडीनिवडीने सारखे असता. त्याला जे दाखवलं ते तुम्हाला दाखवून बघायला यंत्राला एवढं पुरतं. आणि बोलून झाल्यावर न आलेल्या शेकडो जाहिराती आपण मोजत नाही, हेही आहेच. खरं सांगायचं तर ऐकत असते तर मला जरा बरं वाटलं असतं. बोलणं बंद करता येतं. न ऐकता इतकं कळतं, ही जास्त विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

तरी शंका असेल तर फोनमध्येच पहारेकरी आहे. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू असला की स्क्रीनच्या वरच्या कडेला ठिपका किंवा चिन्ह दिसतं. कारण नसताना दिसलं तर कुठल्या ॲपने चालू केलं ते तिथूनच बघा आणि परवानगी काढून घ्या.

माझी माहिती जाहिरातदारांना विकतात का?

मोठी माध्यमं तुमची फाईल उचलून जाहिरातदाराच्या हातात देत नाहीत. ती त्यांची दुभती गाय आहे, विकतील कशाला? ती तुमच्यापर्यंत पोचण्याची संधी विकतात. 'अमुक वयाच्या, नुकतं घर बदललेल्या लोकांना दाखवा' एवढं जाहिरातदार सांगतो, बाकीचं काम माध्यम करतं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी असलेल्या मेटाच्या उत्पन्नातला ९७ टक्क्यांहून जास्त भाग जाहिरातींतून येतो, म्हणजे धंदा हाच. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर 'या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का?' असं थेट विचारणारी एक खिडकी आणली. त्या एका खिडकीमुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल असा अंदाज मेटानेच जाहीर केला होता. 'नको' म्हणायला एक बटण मिळालं आणि लोकांनी ते दाबलं, एवढंच झालं होतं.

खरोखर विकणारे वेगळे, डेटा दलाल. छोटी-मोठी ॲप, नोंदणीअर्ज, लॉयल्टी कार्ड अशा ठिकाणांहून माहिती गोळा करून तिचे गठ्ठे करणं आणि विकणं हाच त्यांचा उद्योग. 'नाव काढून टाकलं आहे' हे त्यांचं ठरलेलं आश्वासन फारसं कामाचं नाही. लताण्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं की नुसती जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना एकेकटं वेगळं काढता येण्याची शक्यता आहे.

केम्ब्रिज ॲनालिटिका म्हणजे नक्की काय झालं होतं?

फेसबुकवर व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणारं एक ॲप होतं. ते साधारण २,७०,००० लोकांनी उघडलं. त्या काळच्या नियमांनुसार ॲपला चाचणी देणाऱ्याचीच नव्हे, तर त्याच्या मित्रांचीही माहिती ओढता येत होती. त्यामुळे फेसबुकच्याच आकड्यानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या केम्ब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली असावी. मार्च २०१८ मध्ये हे उघड झालं. कंपनी काही आठवड्यांतच गुंडाळली गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

त्या माहितीच्या जोरावर मतदारांची मनं खरंच वळवली गेली का, यावर अजून वाद आहेत. मला त्यात गणितच जास्त बोलकं वाटतं. चाचणी दिलेल्या एकेका माणसामागे तीनशेहून जास्त असे, ज्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

आजच्या चाचण्यांना मित्रांची माहिती तशी मिळत नाही. पण 'तुमची पहिली शाळा, पहिलं पाळीव जनावर, आईचं माहेरचं नाव' असं गमतीगमतीत विचारणारी पोस्ट दिसली की थांबा. पासवर्ड विसरल्यावर खाती हेच प्रश्न विचारतात.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज कंपनी वाचते का?

मजकूर नाही. एप्रिल २०१६ पासून तिथे सगळ्यांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे कुलूप तुमच्या फोनमध्ये लागतं आणि समोरच्याच्याच फोनमध्ये उघडतं. पण पाकिटाच्या आतलं पत्र न वाचताही पाकिटावरून बरंच कळतं. तुमचा नंबर, फोनचा प्रकार, आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), ॲप कधी आणि किती वापरता, कुठल्या गटांत आहात, ही पाकिटावरची माहिती एन्क्रिप्शनमध्ये येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गोपनीयता धोरण बदलल्यावर जो गदारोळ झाला त्यातला खरा मुद्दा मेसेज वाचण्याचा नव्हताच, ही बाकीची माहिती मेटाच्या इतर सेवांना देण्याचा होता. त्याच प्रकरणात भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

दोन भोकं लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, बॅकअप. क्लाउडमध्ये जाणारा बॅकअप आपोआप एन्क्रिप्ट होत नाही. ते सेटिंग २०२१ मध्ये आलं, ते आपण होऊन चालू करावं लागतं आणि त्याचा पासवर्ड हरवला तर बॅकअपही गेला. दोन, समोरचा माणूस. त्याने स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलला तर जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन तुमच्या मदतीला येणार नाही.

टेलिग्रामबद्दलही विचारतात. तिथल्या नेहमीच्या गप्पा एंड-टू-एंड नसतात, फक्त 'सीक्रेट चॅट' असतात. पाकिटावरची माहिती सगळ्यांत कमी ठेवतं ते सिग्नल. २०१६ मध्ये अमेरिकेत कायदेशीर नोटीस आली तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच ते देऊ शकले, कारण त्यांच्याकडे होतंच तेवढं.

'मी माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही' ही पोस्ट कॉपी करून टाकली तर चालतं का?

नाही. खातं उघडताना अटी मान्य केल्यात, भिंतीवर काहीही चिकटवून त्या बदलत नाहीत. ही पोस्ट २०१२ पासून फिरते आहे. तिला आता पेन्शन लागू करायला हरकत नाही.

फोटोवरून जागा कळते म्हणतात, ते खरं आहे का?

लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. पोलिसांना चुकवत फिरणारे, मॅकाफी अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकाफी डिसेंबर २०१२ मध्ये ग्वाटेमालात आहेत हे त्यांच्या मुलाखतीला आलेल्या नियतकालिकाने टाकलेल्या एका फोटोवरूनच कळलं होतं. मोठी माध्यमं आता फोटो इतरांना दाखवताना ही माहिती काढून टाकतात. पण फोटो ईमेलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती बहुधा तशीच जाते. आणि माध्यमाने इतरांपासून लपवली, म्हणून स्वतःकडे ठेवली नाही असं नव्हे.

व्यायामाची ॲपही याच जातीची. स्ट्राव्हाने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा एक सुंदर उजळलेला नकाशा काढला. कुणाचंही नाव त्यावर नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात मध्येच लख्ख चौकोन दिसताहेत. ते लष्करी तळ होते आणि कुंपणाच्या कडेने सैनिक रोज धावत होते.

कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढून टाका, फोटो पुढेही चांगलेच येतात. माध्यमांना मात्र आयपी पत्त्यावरून अंदाजे जागा तरीही कळते, तेवढं गृहीत धरा.

सुरक्षेसाठी फोन नंबर मागतात. द्यावा का?

या नंबरचा इतिहास चांगला नाही. पासवर्डला जोड म्हणून लोकांनी दिलेले नंबर फेसबुकने जाहिरातींसाठी वापरले आणि २०१९ च्या दंडाच्या प्रकरणात तोही एक मुद्दा होता. तेच केल्याबद्दल ट्विटरला २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरावे लागले. शिवाय एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक खात्यांची माहिती इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाली, तीही फोन नंबरांसकट. संपर्क जुळवून मित्र शोधण्याची जी सोय आहे, तिचाच गैरवापर करून ती खरवडून काढलेली होती.

म्हणून दुहेरी पडताळणी बंद करायची का? मुळीच नाही. खातं चोरीला जाणं हा रोजचा धोका आहे. जिथे पर्याय असेल तिथे नंबराऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप निवडा. मोबाइल हरवला तर म्हणून ते जे राखीव कोड देतात, ते कागदावर उतरवून ठेवा. हे कोड स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आता काही बोलत नाही.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर?

तुमच्याच फोनवर इतिहास उरत नाही, बस्स. वेबसाइटला तुम्ही दिसताच, आणि आत जाऊन लॉगिन केलंत तर मग बोलायलाच नको.

मुलांचे फोटो टाकावेत का? आणि मुलांना खातं कितव्या वर्षी?

बहुतेक माध्यमांवरचा १३ हा आकडा काही बालमानसशास्त्रातून आलेला नाही. तो अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आला: १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही. कंपन्यांनी परवानगीची कटकट टाळायला सरळ प्रवेशच नाकारला, आणि मुलांनी जन्मसाल खोटं टाकायला सुरुवात केली. आता देशोदेशी आकडे बदलताहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना मोठ्या माध्यमांवर खातं ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. त्या कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई सांगितली आहे, पण हे पाळायला कंपन्यांना मुदत दिलेली आहे.

फोटोंबद्दल माझं मत विचारलंत तर: बोलायला लागलेल्या मुलाला विचारा आणि नाही म्हटलं तर टाकू नका. त्याआधीचे टाकताना गणवेश, शाळेचं नाव, घराचा दरवाजा आणि वाढदिवसाची तारीख चौकटीत येऊ देऊ नका. आंघोळीचे फोटो कुणालाच पाठवू नका, आजी-आजोबांच्या गटातसुद्धा. तिथूनच ते सगळ्यांत आधी पुढे जातात.

माझ्या पोस्ट एआयला शिकवायला वापरतात का?

वापरतात. मेटा प्रौढ वापरकर्त्यांच्या सार्वजनिक पोस्ट आणि फोटो यासाठी घेते. युरोपात नियामकांच्या दबावामुळे आक्षेप नोंदवायचा अर्ज द्यावा लागला आणि मे २०२५ पासून तिथेही काम सुरू झालं. लिंक्डइनने २०२४ मध्ये अनेक देशांत हे सेटिंग आधीच चालू करून ठेवलं होतं. बंद करायचं तर आपण शोधायचं. बंद केलंत तरी आधी जे शिकून झालं ते परत घेता येत नाही.

एआय सहायकाशी गप्पा मारत असाल तर हेही लक्षात असू द्या: मेटाने बहुतेक देशांत १६ डिसेंबर २०२५ पासून त्या गप्पांचा आधार जाहिराती निवडायला घ्यायला सुरुवात केली आहे. आजाराबद्दल जे सख्ख्या भावाला सांगितलं नाही, ते लोक तिथे सविस्तर लिहितात.

माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग का काळजी करू?

तुमच्याकडे नसेलही. तुमच्या संपर्कयादीत कुणाकडेच नाही, याची खात्री आहे का? मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लांब जाऊन नवा नंबर घेतलेली एखादी नातेवाईक असेल. वरिष्ठांचा घोटाळा बाहेर काढू पाहणारा एखादा कर्मचारी असेल, दुर्धर आजाराचं कुणालाच न सांगितलेला एखादा मित्र असेल. तिचा नवा नंबर तुमच्या यादीतून चढतो आणि 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून भलत्याच माणसापुढे ती येऊन उभी राहते. तिने सेटिंगं कितीही आवळून ठेवली असली तरी काही उपयोग नाही, दार तुमच्या बाजूने उघडं आहे.

मग सुरुवात कुठून करू?

वर एवढं सांगितल्यावर अंदाज आलाच असेल: संपर्कांपासून. नवीन ॲप टाकलं की एक पडदा येतो. हसऱ्या चेहऱ्यांचं चित्र, खाली 'तुमचे मित्र शोधा', मोठं निळं बटण 'पुढे चला', आणि त्याच्याखाली फिकट करड्या, बारीक अक्षरांत 'आत्ता नको'. 'कधीच नको' असं बटण नसतं, म्हणून तो पडदा महिन्याभराने परत येतो. करड्या अक्षरांवर बोट ठेवायची सवय लावून घ्या. आधीच परवानगी दिलेली असेल तर दोन कामं आहेत आणि दुसरं बहुतेक जण विसरतात. फोनच्या सेटिंगमधून परवानगी काढली की नवे नंबर जायचे थांबतात, पण गेलेले तिथेच राहतात. ते ॲपच्या आत 'अपलोड केलेले संपर्क' शोधून वेगळे पुसावे लागतात.

त्यानंतर जमेल तसं लोकेशन 'ॲप वापरत असतानाच' एवढ्यावर आणा. गॅलरी सगळी न देता निवडक फोटोच द्या. 'इतर वेबसाइटींवरची तुमची हालचाल' हा भाग फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आहे, तो साफ करून पुढचं जोडणंही बंद करा. 'फेसबुकने लॉगिन करा' म्हणून कुठेकुठे शिरला होतात ती यादी काढा. वर्षानुवर्षं न उघडलेली ॲप तिथे अजून बसलेली दिसतील.

गोपनीयता धोरणं वाचत बसा असं मी सांगणार नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधिकांनी हिशेब केला होता: वर्षभरात भेट दिलेल्या वेबसाइटींची धोरणं सरासरी माणसाने खरंच वाचायची ठरवली तर २४४ तास लागतील. तेव्हा स्मार्टफोन नुकते कुठे आले होते.

खातं बंद केलं की सगळं पुसलं जातं का?

'डिॲक्टिव्हेट' म्हणजे नुसता पडदा ओढणं, माहिती जागच्या जागी. 'डिलीट' वेगळं. फेसबुकवर डिलीट केल्यावर ३० दिवस विचार बदलायची मुभा असते आणि त्यादरम्यान चुकून लॉगिन करून परत 'हो' म्हटलंत तर सगळं मूळपदावर. सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज त्यांच्याकडे राहतातच. डिलीट करण्याआधी फाईल डाउनलोड करून घ्या, फोटोंसाठी नंतर रडारड होते.

कायद्याने मला काय मिळतं?

युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. आपली माहिती बघणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं हे तिथे हक्क आहेत आणि दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरोचा दंड झाला, तो युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यायला २०२३ उजाडलं आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या पाळायला कंपन्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. तक्रार करायची तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि त्याची तारीख जपून ठेवा. पुढच्या पायरीवर पहिला कागद तोच मागतात.

मी गेल्यावर माझ्या खात्याचं काय होतं?

हा प्रश्न लोक जरा हळू आवाजात विचारतात. फेसबुकवर २०१५ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस, नेमता येतो. गूगलमध्ये त्याआधीपासून, २०१३ पासून, ठराविक काळ खातं वापरलं गेलं नाही तर ते कुणाच्या स्वाधीन करायचं किंवा सरळ पुसून टाकायचं, हे सांगून ठेवता येतं. काहीच नेमलं नसेल तर घरच्यांना मृत्यूचा दाखला आणि नातं सिद्ध करणारे कागद घेऊन कंपन्यांचे अर्ज भरत बसावं लागतं. नेमलेल्या माणसाला फेसबुकवरचं खातं स्मृतिपृष्ठ झाल्यावर प्रोफाइलचा फोटो बदलता येतो, वर एखादी पोस्ट लावून ठेवता येते, खातं काढून टाकायलाही सांगता येतं. तुमचे मेसेज मात्र त्याला वाचता येत नाहीत.